परत आलेला विसार

माईंनी लाल कापडाची पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली आणि "मोजून घे" म्हणाल्या. आत ५१ हजार रुपये होते. चारच दिवसांपूर्वी आम्ही दोघांनी ती पुरचुंडी सुपारी घालून त्यांच्या देवापुढे ठेवली होती. कापड तेच, गाठही तीच. त्यांनी ती उघडलीसुद्धा नव्हती.

"वरच्या खोल्या देणार नाही. तुलाही नाही, त्यालाही नाही. चहा टाकलाय, घेऊन जा."

२०१७ चा कार्तिक होता. खाली पंचगंगा घाटावर आकाशदिव्यांचे उंच बांबू उभे राहिले होते आणि तिन्हीसांजेला वेताच्या परड्यांतले दिवे दोरीने वर चढत होते. मी चहा न घेताच जिना उतरले. इतका राग मला त्याआधी कुणा वडीलधाऱ्या माणसाचा आला नव्हता. आज त्या बाईच्या ऋणाबद्दल लिहायला बसले आहे, तर हा राग आधी सांगायलाच हवा.

मी मूळची सांगलीची. विणकरांच्या नोंदणीच्या एका कामासाठी २०१५ च्या अखेरीला काशीला आले. दिवसभर मदनपुरा, अलईपुरा, पीली कोठी अशा मोहल्ल्यांत मागांच्या खटखटाटात जायचा, आणि संध्याकाळी कान मोकळे करायला मी घाटावर यायची. अशाच एका संध्याकाळी पायऱ्या उतरता उतरता आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "अगं ए पोरी, शेवाळ आहे तिथं, पाय सांभाळ!" वळून पाहिलं तर नऊवारी नेसलेली एक म्हातारी हातात तांब्या घेऊन उभी. बोली आपलीच, पण मधूनच हिंदीचा हेल. त्या माई.

त्या घाटावर मराठी कानावर पडण्यात खरं तर नवल काहीच नाही. पैठणहून आलेलं भट्टांचं घराणं सोळाव्या शतकात काशीत स्थिरावलं. पुढे १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला गेलेले गागाभट्ट त्याच घराण्यातले. नाथमहाराजांनी भागवत पुरं केलं तेही काशीत, १५७३ साली. पंचगंगेवरचं बिंदुमाधवाचं मूळ मोठं देऊळ औरंगजेबाच्या काळात पडलं आणि त्या जागी मशीद उभी राहिली. तिला इथले लोक अजूनही 'माधवराव का धरहरा' म्हणतात. आज ज्या बिंदुमाधवाला आपण हात जोडतो ते जवळचंच देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, आणि घाटावरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंचा. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. माईंचं घर त्यांपैकीच, मंगळागौरीच्या देवळाकडे वळणाऱ्या गल्लीत.

त्यांचे यजमान वारले होते. मुलगा बंगळुरूला. वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या मी महिना सहा हजारांवर भाड्याने घेतल्या. वर्षभराने तो आला.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो लाइपझिगचा. पखवाज शिकायला दर हिवाळ्यात काशीला यायचा, तुळशीघाटावरचा ध्रुपद मेळा आटोपला की उन्हाळ्याच्या तोंडावर परत जायचा. व्हिसा पर्यटकाचा. आमची ओळख मेळ्यात झाली आणि पुढच्या हिवाळ्यात तो माईंच्या वरच्या खोल्यांत राहायला आला. दोघं लग्नाचे नाहीत हे माईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईला ठाऊक आहे ना? मग झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याचा पासपोर्ट मागून घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी संगणकवाल्याकडे बसून 'सी फॉर्म' भरून आल्या. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने तसं कळवायचं असतं. आसपासच्या कितीतरी घरांत ते कुणी करत नव्हतं. माईंनी एकदाही चुकवलं नाही. त्याला त्या 'गोरोबा' म्हणायच्या. रोज सकाळी तो कणीक मागायला खाली यायचा, कारण पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावावी लागते. माई पोळ्यांच्या कणकेतून त्याचा गोळा आधीच बाजूला काढून ठेवायच्या.

२०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरात गंगा गल्लीत शिरली होती. माईंच्या खालच्या भिंतीला ओल धरली, पोपडे सुटले, एक कोपरा खचला. दुरुस्तीला पैसा हवा होता. म्हणून त्यांनी वरच्या खोल्या विकायचं मनात आणलं, आणि ते सर्वांत आधी आम्हालाच सांगितलं. किंमत ३८ लाख. त्याच्याजवळ वडिलांच्या घराच्या वाटणीतून आलेले ५० हजार युरो होते. त्या वेळच्या भावाने तेवढेच होत होते. एका दलालाने झटपट वाट दाखवली. परदेशी माणसाच्या नावावर होणार नाही, तेव्हा पैसे मॅडमच्या खात्यात पाठवा, खरेदी मॅडमच्या नावावर करा आणि साहेबांच्या नावाने एक मुखत्यारनामा करून ठेवा. सगळेच असं करतात.

आम्ही त्या रात्री झोपलोच नाही. गच्चीवर काचेची खोली बांधायची, तिथून नदी दिसेल, तिथे रियाज होईल. तो कागदावर रेघा मारत होता आणि मी पडद्यांचा रंग ठरवत होते. सांगलीला भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुझ्या नावावर येतंय ना? मग विचार कसला करतेस?" मला ते वाक्य आवडलं. आवडलं याची आज लाज वाटते, पण तेव्हा आवडलं होतं. बेचाळीस हजार पगारावर गंगेकाठचं घर मला सात जन्मांत जमलं नसतं.

विसार दिल्यावर मधल्या तीन दिवसांत माईंनी काय केलं, हे मला नंतर कळलं. त्यांचे यजमान तीस वर्षं कचहरीत दस्त लिहायचे. त्यांची लोखंडी पेटी माईंनी पलंगाखालून ओढून काढली. मग शहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी गल्लीच्या पायऱ्या चढून मैदागिन गाठलं, तिथून रिक्षाने कचहरी. यजमानांच्या ओळखीच्या एका वकिलांना सगळं विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, कारण पहिल्या दिवशी एक गोष्ट विचारायची राहिली होती. ती गोष्ट म्हणजे, 'पुढेमागे पोरांचं पटेनासं झालं तर?' ३८ लाख घरात येणार होते आणि ही बाई ते कसे येऊ नयेत याची चौकशी करत फिरत होती.

मी रागावून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावून घेतलं. कार्तिकातल्या लक्ष वातींसाठी कापूस पिंजत बसल्या होत्या. मांडीवर राखेचं बोट फिरवून वात वळायची आणि ताटात टाकायची. हात थांबत नव्हता आणि बोलणंही.

"इकडे खरेदीखताला बैनामा म्हणतात. आणि दुसऱ्याच्या पैशाने आपल्या नावावर घेतलं की ते बेनामी. लिहिताना दोन मात्रांचा फरक. ह्यांच्याकडे शिकायला येणारी पोरं घाईत एकाच्या जागी दुसरं लिहायची, तेव्हा हे अख्खा कागद फाडून टाकायचे. स्टॅम्पचे पैसे गेले तरी चालतील म्हणायचे, पण हा शब्द कचहरीत जाता कामा नये."

मी म्हटलं, "माई, पण त्याचा माझ्यावर विश्वास आहे."

"आहे ना. म्हणूनच म्हणते. ते घर तुझं होणार नाही पोरी, ती त्याची ठेव होईल. दुसऱ्याची आयुष्याची ठेव उशाशी घेऊन झोप लागत नाही. रोज भांडताना तुझ्या मनात येईल की घर माझ्या नावावर आहे. त्याच्याही मनात तेच येईल. तुम्ही दोघंही बोलणार नाही, पण येईल."

मग त्यांनी एका परदेशी बाईचं सांगितलं. तिचा देश सांगत नाही. ती इथल्याच एका तरुणाबरोबर राहायची. दोघांनी मिळून प्रवाशांसाठी खोल्या काढल्या, पैसा तिचा, कागद त्याचा. सहा-सात वर्षं बरी गेली. मग त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न लावून दिलं. तिच्याकडे पावती नव्हती, करार नव्हता, आणि कोर्टात जावं तर सरकारला आधी तिलाच विचारावं लागलं असतं की हे पैसे कुठल्या वाटेने आणले. व्हिसा संपला तेव्हा ती एक पिशवी घेऊन माईंच्या दारावरून गेली. "रडत नव्हती," माई म्हणाल्या. "रडली असती तर बरं वाटलं असतं मला."

माईंची चिठ्ठी घेऊन मी त्या वकिलांकडे गेले. तासभर बसले आणि आमच्या काचेच्या खोलीचा एकेक खांब काढून घेतल्यासारखं झालं. पर्यटक व्हिसावर येणाऱ्या परकीय नागरिकाला भारतात घर विकत घेता येत नाही. १९९९ च्या परकीय चलन कायद्याखाली तो इथला रहिवासी ठरत नाही. गोव्यात परदेशी लोकांनी घेतलेल्या जागांवरून बोभाटा झाला, तेव्हा २००९ साली केंद्र सरकारने हे वेगळं पत्रक काढून सांगितलं होतं. त्याला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने राहता येतं, बस. कायदा मोडला तर दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत.

मग पैसे त्याचे आणि नाव माझं? बेनामी व्यवहाराच्या कायद्यात नवरा-बायकोला सूट आहे, मुलांना आहे. सोबत राहणाऱ्या जोडीदाराला नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मालमत्ता जप्त होते आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. आणि 'घर खरं माझं आहे' म्हणून पैसे देणाऱ्याने दावा लावायची सोय तर १९८८ च्या मूळ कायद्यानेच काढून टाकली आहे. म्हणजे मी उद्या फिरले असते तर त्याला दाद मागायला दार नव्हतं. दलालाच्या मुखत्यारनाम्यावर वकील हसलेसुद्धा नाहीत. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच बजावलं आहे, म्हणाले.

बरं, त्याने मला पैसे भेट दिले असं दाखवलं तर? तर आयकराच्या हिशेबात तो माझा नातेवाईक नाही. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांहून जास्त भेट आली की सगळी रक्कम आपलं उत्पन्न धरली जाते. ३८ लाखांवर मी कर भरायचा, बेचाळीस हजारांच्या पगारातून. आणि मी मेले तर? लग्न नाही, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने घर माझ्या आई-वडिलांकडे गेलं असतं. त्याच्या वडिलांच्या वाटणीचा पैसा सांगलीत, आणि तो रस्त्यावर. माझे आई-वडील सज्जन आहेत. पण भावाचं ते वाक्य मी विसरले नव्हते.

शेवटी वकिलांनी गच्चीचं विचारलं. वर काही बांधणार का? धरहरा मशीद पुरातत्त्व खात्याकडे आहे, संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई, डागडुजीलाही परवानगी. मी म्हटलं, नाही, काही बांधणार नाही.

सरळ वाट एकच होती, आणि तीही त्यांनी सांगितली. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्या, तीस दिवस थांबा, लग्न नोंदवा. नोंदणीला दोन वर्षं पूर्ण झाली की त्याला ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या कार्डासाठी अर्ज करता येईल, ते मिळालं की राहतं घर घेता येतं. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशाने, उजळ माथ्याने.

मी परत येताना मैदागिनपासून चालत आले. आम्हाला लग्न करायचं होतं का? हा प्रश्न आम्ही घराच्या नकाशाखाली घालून ठेवला होता, असं मला त्या चालण्यात पहिल्यांदा वाटलं.

घरी त्याला सगळं सांगितलं. तो दुखावला. माईंनी आपल्याला परका मानलं, एवढंच त्याला दिसलं. दोन दिवस तो कणीक मागायला खाली गेला नाही. तिसऱ्या दिवशी माई स्वतः वर आल्या, हातात कणकेचा गोळा. जिना चढून दम लागला होता. त्याच्यासमोर बसून त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत नाही, चक्क हिंदीत त्याला या घाटाची गोष्ट सांगितली, आणि मला सांगितलं की तो चुकेल तिथं समजावून दे.

पंचगंगा म्हणजे पाच नद्या. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. काशीखंडात धूतपापेची गोष्ट आहे. वेदशिरा ऋषींची ही मुलगी. धर्म तिच्या मोहात पडला आणि इथल्या इथं गांधर्व विवाह करू म्हणाला. ती म्हणाली, बापाला विचार. त्याने ऐकलं नाही, हट्ट धरला. तिने शापलं, तू नद होऊन वाहा; त्याने शापलं, तू दगड हो. बापाने मुलीवर दया केली आणि तिला चंद्रकांत मणी केलं, म्हणजे चांदण्यात ती पाझरेल आणि नदी होऊन त्याला मिळेल.

"तो वाईट नव्हता, तीही नव्हती," माई म्हणाल्या. "प्रेम होतंच. विचारायचं राहिलं, एवढंच. त्यापायी दोघं जन्माचे पाणी आणि दगड झाले. मी तुमचा बाप नाही, पण घर माझं आहे. मला विचारलंत, मी नाही म्हणते."

त्याला 'चंद्रकांत'चा अर्थ सांगताना माझा आवाज भरून आला. तो उठला, माईंच्या पाया पडला. त्याला ते नीट येत नसे, गुडघ्यांना हात लावायचा. माईंनी त्याच्या हातात कणीक दिली.

भिंतीचं काय? मी दोन वर्षांचं भाडं आगाऊ देऊ केलं, १ लाख ४४ हजार. माईंनी घेतलं, पण पावती लिहूनच. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, त्यावर आडवी सही, आणि मागे बारीक अक्षरात 'यातील शिल्लक दर महिन्याला लिहिणे'. भिंत त्या उन्हाळ्यात उभी राहिली. पावतीच्या पाठीवर महिन्यामहिन्याची वजाबाकी त्यांच्याच हातची आहे. तो कागद माझ्याकडे आहे. वेलांटीला त्यांच्या अक्षरात एक जास्तीचा बाक असतो, यजमानांकडून आलेला असावा.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी लाइपझिगला गेले. आता तिथे दोघांनी मिळून फ्लॅट घ्यावा असं चाललं होतं. कायद्याने मला तिथे आडकाठी नव्हती, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. माझी शिल्लक त्याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, पण घालणार होते सगळी. मी मात्र या खेपेला माईंची शिष्या होते. त्यांनी निघताना विचारलं होतं, "कागदावर तुझे किती आणे?" तोच प्रश्न मी तिथल्या नोटरीच्या टेबलाशी विचारला. जर्मनीत घराची खरेदी नोटरीसमोरच होते आणि सह्यांआधी नोटरी सगळा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो, तसा कायदाच आहे. हे ऐकून मला माईंचे न पाहिलेले यजमान आठवले. तेही म्हणे अडाणी पक्षकाराला अख्खा बैनामा वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेत नसत.

'ग्रुंडबुख' नावाच्या जमीन-नोंदवहीत प्रत्येकाचा हिस्सा लिहिला जातो. कर्ज मात्र दोघांनी सही केली की पूर्णच्या पूर्ण दोघांवर. एकाने हात वर केले तर बँक दुसऱ्याकडून सगळं वसूल करते. आणि एकजण गेला तर? बायकोला नवऱ्याकडून पाच लाख युरोपर्यंत वारसा करमुक्त मिळतो. लग्न न केलेल्या जोडीदाराला २० हजार. त्यापुढच्या रकमेवर कर ३० टक्क्यांपासून. इकडे भारतात दरवर्षी विवरणपत्रात ते परदेशी घर दाखवायचं. राहून गेलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने दहा लाखांचा दंड. आम्ही दोघं नोटरीकडून बाहेर पडलो, एका बाकावर बसलो, आणि कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "माईंना काय सांगायचं?" आम्ही ते घरही घेतलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये भारताने पर्यटकांचे व्हिसा बंद केले. तो तिकडे होता. रोजचा फोन आठवड्यावर आला, आठवड्याचा महिन्यावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये पर्यटकांसाठी दार पुन्हा उघडलं, तोवर आमच्यात काय संपलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. एका रविवारी आम्ही ते फोनवर बोललो. तासभर रडलो दोघंही. पण त्या तासात घराचा विषय नव्हता, पैशाचा नव्हता, वकिलाचा नव्हता. मी पुष्कळ जोडपी पाहिली आहेत, देशात आणि परदेशात, ज्यांचं प्रेम केव्हाच संपलं पण खटला चालू आहे; ज्यांना एकमेकांची तोंडं फक्त कोर्टाच्या बाकावर दिसतात. आमचं दुःख शुद्ध दुःख राहिलं. ते माईंनी मला दिलं. माझ्या नावावर ती खोली असती आणि विमानं बंद असताना तो सहा हजार किलोमीटरवरून आपल्या वडिलांच्या पैशाकडे बघत बसला असता, तर मी कोण झाले असते, हे मला खरोखर सांगता येत नाही. भावाचं वाक्य मला आवडलं होतं. ते पुन्हा आवडलं नसतं कशावरून?

त्याचा पखवाज मात्र माईंकडेच राहिला होता. मी सांगलीला परतले तेव्हा खोल्या रिकाम्या केल्या, तो तेवढा माईंनी ठेवून घेतला. "ज्याची ठेव त्याच्याच हातात," म्हणाल्या. सुती साडीत गुंडाळून, उंदीर आणि माकडांपासून जपून, दर दसऱ्याला बाहेर काढून त्याची पूजा करायच्या. पुराचं पाणी चढलं की शेजारच्या मुलाला हाक मारून तो वर न्यायला लावायच्या.

२०२२ च्या डिसेंबरात तो आला. सोबत त्याची बायको होती. मी येणार नव्हते, माईंचा फोन आला, "साक्षीला कुणीतरी हवं, ये." गेले. भिंतीचा खचलेला कोपरा ओळखूही येत नव्हता. वरच्या खोल्यांत आता परभणीकडची दोन मुलं राहत होती, वेदपाठशाळेत शिकणारी.

माईंनी यादी आधीच लिहून ठेवली होती. शिसवी पखवाज नग एक, लाकडी गठ्ठे आठ, पितळी हातोडी एक, खोळ एक, वह्या तीन. चष्मा लावून त्यांनी ती मोठ्याने वाचली, एकेक वस्तू त्याच्यासमोर ठेवत. खाली 'भरून पावलो' आणि तारीख. त्याने देवनागरीत सही केली. ती माईंनीच शिकवली होती त्याला, पहिल्या हिवाळ्यात, सी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. साक्षीदार म्हणून मी सही केली. मग माईंनी त्याच्या बायकोला पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. मी तिला पदर कसा धरायचा ते दाखवलं.

तो पखवाज मांडीवर घेऊन बसला. वाद्या सैल पडल्या होत्या, हातोडीने हलके हलके चढवल्या. मग तो इकडेतिकडे बघू लागला. माई काही न बोलता आत गेल्या आणि कणकेचा गोळा घेऊन आल्या. त्याने तो डाव्या पुडीवर थापला, अंगठ्याने कडा बसवल्या, आणि एकच थाप दिली. खाली घाटापर्यंत गेली असेल.

"खिडकी लावून घे गं," माई मला म्हणाल्या. "कणीक दिसली की माकडं येतात."